पाच बाटल्यांचं जेवण

मास्तरकडून जेवणाचं बोलावणं आलं की मी आधी निमित्त शोधतो. माणूस वाईट नाही, पण डोक्याला ताप आहे. तो शाळेत वगैरे शिकवत नाही. सातवीपासून सगळ्यांना सगळं शिकवत आलाय, म्हणून मास्तर. पुढे तो वाइनच्या धंद्यात शिरला. हॉटेलांसाठी कोणती फ्रेंच वाइन घ्यायची, कोणती इटालियन परत पाठवायची, हे तो ठरवतो. त्याने नाक मुरडलं की चाळीस पेट्या आल्या वाटेने परत जातात.

माझंही पोट नाकावरच चालतं. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत मी केमिस्ट आहे. पाण्यातलं बाकी सगळं यंत्रं सांगतात, पण वासाचं अजून माणसालाच बघावं लागतं. रोज सकाळी आम्ही चौघं कोमट केलेल्या पाण्याचे फ्लास्क ओळीने हुंगतो आणि शून्य ते पाच असा आकडा लिहितो. तलावात शेवाळ वाढायला लागलं की पाण्याला मातकट वास येतो. तो बाकी तिघांच्या दोन दिवस आधी मला येतो. यात फुशारकी नाही, रजिस्टरला नोंदी आहेत.

"रविवारी दुपारी ये," मास्तर फोनवर म्हणाला. "पाच वाइन आहेत. पाच वेगवेगळ्या भागांतल्या. शेजारी शेजारी ठेवून बघायच्यात. सकाळपासून कॉफी पिऊ नकोस, सेंट लावू नकोस."

"मी कधी सेंट लावतो?"

"सांगून ठेवलेलं बरं."

रविवारी मी त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी पोचलो. खिडकीपाशी जेवणाचं टेबल, त्यावर पांढरा कपडा, दहा ग्लास आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पाच बाटल्या. प्रत्येकीवर स्केचपेनने आकडा. वहिनींनी भाजलेली कोंबडी, बटाटे आणि पाव आणून ठेवला. त्या बहिणीकडे निघाल्या होत्या. पर्स खांद्याला लावून त्या उगाच टेबलापाशी रेंगाळल्या.

"भावजी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "नुसतं जेवून गेलात तरी चालेल हं. त्याचं मनावर घेऊ नका."

"तू नीघ आता, उशीर होतोय," मास्तर म्हणाला. आवाज जरा जास्तच चढला होता.

दार लागलं आणि शिकवणी सुरू झाली. ग्लास कसा धरायचा, किती कलता करायचा, कपड्यासमोर धरून रंग कसा बघायचा. मी तीस वर्षं फ्लास्क हुंगतोय, पण मास्तरला त्याचं काय! कोंबडी गार होत होती.

"एक नंबर," तो म्हणाला. "बोल."

मी हुंगलं. "रॉकेल."

"कसलं रॉकेल?"

"रॉकेलसारखं रॉकेल."

"म्हणजे स्टोव्हचं की कंदिलाचं? ताजं की चिंधीला लागलेलं? नीट सांग ना!"

"अरे, तूही हुंगतोयस ना? मग मला कशाला पिडतोस?"

त्याने बाटलीचा कागद काढला. जर्मन रिझलिंग होती, बारा वर्षं जुनी. ती जुनी झाली की तिला असा वास येतोच म्हणे. पण तो माझ्याकडे बघत नव्हता. ग्लास नाकाशी होता आणि चेहरा कोरा होता. बहिऱ्या माणसासमोर गाणं लावलं तर तो असाच बसेल.

"मास्तर, तुला वास येतोय का?"

त्याने ग्लास खाली ठेवला.

"आठ महिने झाले. गेला. सर्दी नाही, ताप नाही. तीन डॉक्टर झाले. नाक साफ, डोकं साफ, सगळं साफ." तो पावाचा तुकडा कुस्करत होता. "हॉटेलवाल्यांना माहीत नाही. जुन्या वह्या बघून ढकलतोय. गेल्या महिन्यात बुरशी आलेली अख्खी पेटी पास केली मी."

"मग फोनवर सांगायचं की!"

"सांगितलं असतं तर तू आला असतास?"

हा काय प्रश्न झाला? मित्राचं नाक गेलं म्हणून कोणी यायचं थांबतं का? मी चिडलो होतो, पण त्याची कीवही आली. रॉकेल चिंधीला लागलेलं आहे, असं मी त्याला समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली आणि दोन नंबर ओतला.

"आंबट चेरी," मी म्हणालो. "आणि टोमॅटोचं पान. हातात चुरगळलेलं."

"परत सांग. सावकाश."

परत सांगितलं. त्याने डोळे मिटले. ग्लास पुन्हा नाकाशी नेला.

"थांब. बोलू नकोस. येतंय." त्याच्या घशातून चमत्कारिक आवाज निघाला. "चेरी. देवा रे. चेरी!"

कागद काढला तर इटालियन किआंती. मला खरंच आनंद झाला. आम्ही कोंबडी खाल्ली. ती जरा फिकी लागली. वहिनींचा हात बिघडला असावा, असं मनात आलं.

तीन नंबरला तो माझ्या आधीच बोलला. "नारळ. व्हॅनिला. जुनं लाकूड."

मला त्यातलं सगळं आलं, पण पलीकडच्या खोलीतून यावं तसं. स्पॅनिश रिओहा निघाली, म्हणजे तो बरोबर होता. माझं नाक थकलंय, असं मी धरून चाललो. हे रोजचं आहे. सात-आठ नमुने झाले की नाक थकतं. मग आम्ही स्वतःच्या बाहीचा वास घेतो, दोन मिनिटं थांबतो आणि पुन्हा कामाला लागतो.

मी बाही नाकाला लावली. सकाळीच धुऊन इस्त्री केलेला शर्ट होता. साबण आला नाही. इस्त्री आली नाही. घामही आला नाही.

"चार," मास्तर म्हणाला. आता तो मला विचारतही नव्हता. "पेन्सिलीचं टरफल. काळी द्राक्षं. फ्रेंच बोर्दो आहे, कागद काढायची गरज नाही." मग कपाळाला आठी पडली. "क्लोरीन. शेवाळ. ओली माती."

"ते वाइनमध्ये नाही."

"नाही," तो म्हणाला. "वाइनमध्ये नाहीये."

माझ्या ग्लासात तर नुसतं लाल पाणी होतं. मी तीनदा हुंगलं.

"मास्तर, पुरे झालं."

"पत्र्याची ट्रंक आहे," तो म्हणाला. डोळे मिटलेलेच होते. "कडी गंजलीय. आत डांबराच्या गोळ्या. खाली लोकरीचा स्वेटर, लहान, मुलीचा. त्याला तापाचा वास आहे. तापातलं अंग, औषध, आणि... खडीसाखर."

मी खुर्ची मागे सारली.

माझी धाकटी बहीण सहा वर्षांची असताना तापाने गेली. तेव्हा आम्ही दुसऱ्या गावी राहत होतो. मास्तर मला भेटला तो त्यानंतर चार वर्षांनी. घरात तिचं नाव कोणी काढत नसे. आई झोपली की मी ट्रंक उघडून तो स्वेटर नाकाला लावत असे. हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. बहिणीचा चेहरा मला आठवत नाही. तिचा म्हणून माझ्यापाशी तेवढा वासच होता.

"कोणी सांगितलं तुला?" मी ओरडलो.

"कोणी नाही." त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "किती गोड आहे रे."

त्याने पाच नंबरची बाटली उचलली, माझ्या ग्लासात ओतली आणि ग्लास माझ्याकडे सरकवला.

"पिऊ नकोस. नुसतं एकदा हुंग. शेवटचं."

मी हुंगलं नाही. उठलो, चपला पायात घातल्या. तो दारापर्यंत आला नाही. वळून पाहिलं तर त्याने पाव दोन्ही हातांनी फोडून त्यात तोंड खुपसलं होतं आणि लहान मुलासारखा हसत होता.

घरी चालत गेलो. वाटेत बेकरी लागते, पुढे फुलवाला, पुढे उघडं गटार. तिन्हींपाशी मी थांबलो. लोक माझ्याकडे बघत होते, बघू देत. मी मनात ट्रंक उघडून पाहिली. कडी आठवली, स्वेटरचा निळा रंग आठवला. पुढे काहीच नाही.

बायको मैत्रिणीकडे गेली होती, ती आठपर्यंत येणार होती. मी गॅसवर चहाचं आधण ठेवलं आणि बाहेरच्या खोलीत येऊन बसलो. रस्त्याचा कलकलाट नको म्हणून खिडक्या लावून घेतल्या. सकाळी प्रयोगशाळेत फ्लास्क समोर आले की काय लिहायचं, याचा विचार करत होतो. शून्य लिहिलं तर तीन लाख लोक ते पाणी पिणार. विचार करता करता डोळा लागला असावा.

फोनच्या घंटीने जागा झालो. बाहेर संधिप्रकाश होता. एका हाताने फोन कानाला लावला, दुसरा हात दिव्याच्या बटणाकडे नेला.

"दिवा लावू नकोस," मास्तर म्हणाला.

हात तिथेच थांबला.

"गॅस आहे घरात. खूप आहे. आधी शेगडीचं बटण बंद कर."

त्याचं घर माझ्यापासून चार किलोमीटरवर आहे.

फोन खुर्चीवर टाकून मी अंधारात स्वयंपाकघरात गेलो. आधण उतू जाऊन शेगडीवर सांडलं होतं. ज्वाळा विझली होती. बटण चालूच होतं. कान लावल्यावर बारीक फुसफुस ऐकू आली. मी जोरात श्वास घेतला. गार हवा आत गेली, एवढंच.

बटण बंद केलं. एकेक करून सगळ्या खिडक्या उघडल्या. परत येऊन खुर्चीवर पडलेला फोन उचलला.

तो फोनवरच होता. नाकाने संथ, लांब श्वास आत ओढल्याचा आवाज येत होता.

"स्वयंपाकघरातला गेला," तो म्हणाला. "आतल्या खोलीत अजून आहे. पलंगाशेजारची खिडकी नीट उघडली नाहीस."

मी आतल्या खोलीत गेलो. खिडकीच्या फटीत पडद्याचं टोक अडकलं होतं.