पाचवा टायर

दीपाची स्कुटी पंक्चर झाली ती पांढरकवड्याच्या हायवेवर, ऐन पळस फुलायच्या दिवसांत. आता पंक्चर काय, कोणाचंही होतं! पण काढणारा असा भेटावा, की पुढं पाच गुरुवार जीव थाऱ्यावर राहू नये...

दुकान धम्मरत्नचं. हात ग्रीसनं काळे, हसणं मात्र लख्ख. दीपा अंगणवाडी सेविका. पोरांसाठी परसबाग करायची होती, पण हाताशी होतं काय? दवाखान्यातून मागून आणलेल्या सलाईनच्या रिकाम्या बाटल्या आणि कुंपणाला कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या.

"भाऊ, जुने टायर भेटतीन का? पालक लावाले?"

"आज एकच हाय, म्याडम. पुढच्या बेस्तरवारी या, अजून एक काढून ठेवतो."

दुसऱ्या गुरुवारी ती पाणी प्यायला दुकानामागच्या माठाकडं गेली आणि थबकलीच. तिथं टायरांची ही थप्पी! पंधरा तरी असतील. लबाड कुठला! ती तोंड पुसत परत आली, एक टायर घेतला, अक्षर बोलली नाही. त्या दिवसापासून तिच्या तोंडचं 'भाऊ' मात्र जे हरवलं ते हरवलंच.

तिसऱ्या टायरची कड त्यानं गुळगुळीत घासून ठेवली होती. "पोराइच्या हाताले लागू नये म्हणून... आज भाऊ नाही म्हणलं?"

"ऊन लय हाय आज," दीपा दुसरीकडंच बघत म्हणाली.

मधले सहा दिवस सरता सरत नसत. बाटल्यांतून थेंब थेंब पाणी टपकायचं, आणि ती उगाच दारात जाऊन उभी. मदतनीस मथुराबाई हसायच्या, "अवं पोरी, रस्त्याकडं पाहून पालक वाढते का?"

चौथ्या टायरात मेथी पेरली आणि जागा संपली. बाग भरली. तरी पाचव्या गुरुवारी दीपाबाई हायवेवर हजर!

धम्मरत्न मान खाली घालून पाना पुसत होता. "म्याडम, हा शेवटचा. सोमवारी हैदराबादले चाललो. दादा वर्कशॉपवर बोलावून राह्यला. आता तिथंच राहीन."

तिनं टायर स्कुटीला बांधला, किल्ली लावली... आता गप्प निघून गेलं तर संपलंच सगळं. तिनं किल्ली परत काढली.

"मंग मागच्या थप्पीचं काय करता?"

त्याच्या हातातून पाना पडला. "तुमाले... कधीपासून माहीत हाय?"

"दुसऱ्या बेस्तरवारपासून."

"मंग बोलल्या काहून नाही?"

"बोलली असती, तं एकाच फेरीत सरलं असतं ना..."

एक ट्रक भोंगा वाजवत गेला. धूळ बसल्यावर त्यानं पडलेला पाना उचलला.

"खरं सांगू? बाग झाल्यावर तुम्ही कायले येसान इकडं... रिकाम्या बेस्तरवारी इथं बसवलं नसतं मले. म्हणून दादाले हो म्हणलं."

"बाग मागच्याच बेस्तरवारी भरली. जागा चारच टायरची होती."

"मंग हा पाचवा कायले?"

"टायरसाठी कोण आलतं? तुमच्यासाठी आलती मी." बोलून गेली आणि कानापर्यंत लाल झाली. "हा माह्या घरापुढं ठेवू. मोगरा लावाले या. आन् दादाले फोन करा."

"काय सांगू?"

"सांगा, बाग लावून राह्यलो म्हणून."

त्यानं हातसुद्धा पुसले नाहीत. तसाच फोन लावला.