मोजणीत एक कमी

ही घटना शंभर टक्के खरी आहे. मी स्वतः तिथे हजर होतो.

म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर. बाकावर. त्यातही निम्मा वेळ डुलक्या घेत होतो.

रात्र काळीकुट्ट वगैरे नव्हती. रात्रच नव्हती. मंगळवार, दुपारचे सव्वातीन. भुतंसुद्धा जेवून आडवी झालेली असतात, ती वेळ.

आत माझी ताई होती.

बारा वर्षांपूर्वी एका छोट्या दवाखान्यात तिची गर्भपिशवी काढली. तेव्हापासून लघवी थांबेना. मूत्राशयाला भोक पडलं होतं. ते एकदा शिवलं. महिन्यात उसवलं. बारा वर्षं ताई रबरी चादरीवर झोपली. कुठेही गेली तरी दाराजवळची खुर्ची धरायची. भावोजी हॉलमध्ये झोपायचे. का, असं विचारलं की म्हणायचे, "मी घोरतो ना."

आम्ही त्यांच्या चांगुलपणाचं कौतुक करायचो.

हे तिसरं ऑपरेशन. नव्या डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, "हे टाके टिकायलाच हवेत. पुन्हा शिवायला धड जागा उरणार नाही."

ताईची आणखी एक तक्रार होती. पहिल्या ऑपरेशनला कमरेत इंजेक्शन दिलं होतं, म्हणून ती जागी होती. पोट मिटवायच्या आधी रक्त टिपायचे कापडी बोळे मोजतात. तिथली सिस्टर मोजत होती. एकोणीसवर थांबून तिने घसा खाकरला...

"सर, एक कमी आहे."

"नीट मोज. माझी पुढची केस थांबलीय."

थोडा वेळ गेला.

"बरोबर आहे, सर."

हे ताईने प्रत्येक डॉक्टरला सांगितलं. प्रत्येकाने सोनोग्राफी उजेडात धरली आणि म्हटलं, "जुना व्रण आहे." एकाने तर मानसोपचारतज्ज्ञाच्या नावे चिठ्ठी दिली. मीही म्हटलं होतं, "ताई, गुंगीत माणसाला काहीही ऐकू येतं." शिकल्यासवरल्याचा एवढा उपयोग तर व्हायलाच हवा.

तर, मंगळवार. पुन्हा कमरेत इंजेक्शन. ताई जागी. डोळ्यांपुढे हिरवा पडदा.

भोक शिवून झालं. पोट मिटवायचं बाकी. इथल्या सिस्टरने बोळे मोजले.

"पंधरा. सगळे आले."



मॉनिटर तेवढा टिकटिक करत होता...

आणि ताईच्या उशाशी कोणीतरी घसा खाकरला.

"एक... कमी आहे."

तोच आवाज.

ताई किंचाळली नाही. बारा वर्षांत माणूस किंचाळायलाही दमतो. ती एवढंच म्हणाली, "ऐकलंत ना?"

"काय, मावशी?" भूल देणाऱ्या पोराने, म्हणजे डॉक्टरने, विचारलं.

"एक कमी आहे म्हणाली ती."

"कोण ती? मोजणी बरोबर आहे, मावशी."

"तेव्हाही बरोबरच होती."

पाच जणांनी एकमेकांकडे पाहिलं. खाकरलं कोणीच नव्हतं. ताईच्या उशाशी भिंत होती.

डॉक्टरीणबाई दमलेल्या होत्या. सकाळपासूनची ही चौथी केस. "एवढा उशीर झालाच आहे," त्या म्हणाल्या, "दहा मिनिटं आणखी." आणि त्यांनी तो जुना व्रण उघडला.

आत बोळा होता. पिवळा, मेणचट.

"हा शेजारी राहिला असता तर आजचे टाकेही गेले असते," बाईंनी बाहेर येऊन मला सांगितलं. आवाजाचंही त्यांनीच सांगितलं. मग म्हणाल्या, "रिपोर्टमध्ये आवाजाचं लिहीत नाही. त्याला रकाना नसतो."

पुढच्या मंगळवारी मी त्या जुन्या सिस्टरला शोधून काढलं. दवाखाना कधीच बंद झाला होता, पण शेजारच्या औषधवाल्याकडे पत्ता होता. भिंतीवर त्यांचा फोटो दिसणार, अशी मनाची तयारी करूनच गेलो.

सिस्टर जिवंत होत्या.

माझी पंचाईत झाली. भूत व्हायला निदान मरावं लागतं, अशी माझी समजूत होती.

भिंतीकडे तोंड करून त्या खाटेवर पडल्या होत्या. "झटका आला तेव्हापासून कोणाशी बोलत नाहीत," सून म्हणाली. "फक्त दुपारी मोजायच्या."

"काय मोजायच्या?"

"देव जाणे. एकोणीसपर्यंत जायच्या, घसा खाकरायच्या, की पुन्हा एकपासून. दोन वर्षं चाललं होतं. गेल्या मंगळवारी एकदम बंद."

"किती वाजता?"

"माझी मालिका संपते तेव्हा. सव्वातीन." ती उठली. "बसा, पाणी आणते."

ती आत गेली. खोलीत पंख्याचा आवाज...

मग तोही ऐकू येईना.

माझ्या पाठीमागे, खाटेवर, घसा खाकरला गेला.

"सापडला?"

मी वळलो नाही. "हो," म्हणालो. पाण्याची वाट न बघता चपला घातल्या.

त्याला दीड महिना झाला. अजूनही कोणी घसा खाकरला की मी आधी खोलीतली माणसं मोजतो.

ताईचं अंथरूण मात्र कोरडं आहे. भावोजी पुन्हा खोलीत झोपायला लागले आहेत.

ते खरंच घोरतात.