अभिरूप राष्ट्रसभेचा निवाडा

मेरुद्वीपाच्या पाटीमागे बसलेली मुलगी मूळची चिपळूणची होती. आपल्या देशातल्या विहिरी एकामागून एक कशा खारट झाल्या, हे सांगता सांगता तिचा आवाज घोगरा झाला आणि पुढचं वाक्य तिला पुरं करता आलं नाही. समोर भारताच्या पाटीमागे बसलेला मुलगा खुद्द मेरुद्वीप या बेटावरच्या देशातून इथं शिकायला आलेला होता. त्यानं पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला आणि कोकणातल्या मच्छिमारांची बाजू तितक्याच पोटतिडकीनं मांडायला सुरुवात केली. दोघांच्याही कपाळावर बोटभर रुंदीची करडी पट्टी होती.

प्रेक्षकांच्या बाकावरून हे सारं पाहत होत्या निवृत्त न्यायमूर्ती शकुंतला तेंडोलकर. अपरान्त विद्यापीठानं त्यांच्यावर एक काम सोपवलं होतं. विद्यापीठाची ही अभिरूप राष्ट्रसभा बंद करायची, आहे तशी चालू ठेवायची, की प्रत्येक विद्यार्थ्याला सक्तीची करायची? त्या जे ठरवतील ते व्यवस्थापन परिषदेनं आधीच मान्य केलं होतं.

विद्यार्थ्यांनी देशोदेशींचे प्रतिनिधी बनून खोट्या वाटाघाटी करायच्या, हा खेळ तसा फार जुना. पूर्वी मुलं कोट-टाय घालून यायची, इंटरनेटवरून पाठ केलेली भाषणं ठोकायची आणि चषक घेऊन घरी जायची. त्या खेळाला वेगळं वळण दिलं ते मेंदूविज्ञानाचे प्राध्यापक डॉ. हरिश्चंद्र नाबर यांनी.

"ती मुलगी अभिनय करत नव्हती?" सभा संपल्यावर तेंडोलकरबाईंनी त्यांना विचारलं.

"अजिबात नाही, मॅडम. तिला खरंच वाईट वाटत होतं." नाबरांनी टेबलावरची पट्टी उचलून त्यांच्या हातात दिली. "तुमच्या घरातलं कुणी जिन्यावरून पडलं तर तुमच्या पोटात खड्डा पडतो. हजार मैलांवर गाव वाहून गेलं तर तुम्ही हळहळता आणि चहा प्यायला लागता. यात तुमचा दोष नाही. मेंदूत आपलं आणि परकं यांच्यामध्ये एक झडप असते. आपल्यांसाठी ती सताड उघडी, परक्यांसाठी जेमतेम किलकिली. ही भानपट्टी सौम्य चुंबकीय स्पंदनं पाठवून ती झडप सैल करते. मग विद्यार्थी ज्या देशाच्या पाटीमागे बसतो, तिथल्या माणसांचं सुखदुःख त्याला घरच्यासारखं जाणवतं. याला आम्ही परभान म्हणतो."

"आणि पट्टी काढली की?"

"सुरुवातीला तासाभरात सगळं पूर्ववत होतं. पण तीन वर्षं सराव केला की झडप पुन्हा घट्ट बसत नाही. परभान टिकतं, आणि मग ते कुठल्याही परक्यासाठी असतं."

"म्हणजे हा तुमच्या यंत्राचा दोष?"

"हे त्याचं फळ आहे," नाबर शांतपणे म्हणाले. "मला तेच हवं होतं."

फळ मोठं होतं, यात शंका नव्हती. या सभेतून बाहेर पडलेले विद्यार्थी खऱ्या वाटाघाटींच्या टेबलांवर जाऊन बसले होते. पिढ्यान् पिढ्या चिघळलेले नदीपाण्याचे, बेटांचे, मासेमारीचे तंटे त्यांनी मिटवले होते. समोरच्याचं दुखणं आतून कळलेला माणूस त्याला फसवत नाही आणि समोरच्यालाही ते ओळखू येतं. म्हणूनच सभा सर्वांना सक्तीची करावी असा परिषदेतल्या अनेकांचा आग्रह होता. ती बंद करा म्हणणारी तक्रार एकच होती, जगन्नाथ तांडेल यांची. ते हर्णै बंदरातल्या मच्छिमार सोसायटीचे अध्यक्ष होते.

तक्रार होती सोनखडपच्या तहाबद्दल. सोनखडप हा खोल समुद्रातला उथळ पट्टा. समुद्र तापल्यावर मासळी तिथं एकवटली आणि भारत आणि मेरुद्वीप या दोन्ही देशांच्या बोटी तिच्यामागे गेल्या. मग गोळीबार सुरू झाला. दोन वर्षांपूर्वी तह होऊन सोनखडप निम्मा निम्मा वाटला गेला. भारताच्या बाजूनं तो तह घडवणारी तरुण अधिकारी याच सभेत तयार झाली होती. तिचं नाव ओवी तांडेल. जगन्नाथ तांडेलांची एकुलती एक मुलगी.

सुनावणीला बाप आणि लेक दोघंही आले. तेंडोलकरबाईंनी तह बारकाईनं वाचला होता.

"तांडेल, तुमचं गाऱ्हाणं मी समजून घेतलं," त्या म्हणाल्या. "पण मला हा तह न्याय्य वाटतो. मेरुद्वीपाच्या लोकांकडे मासळीखेरीज दुसरं काहीच उरलेलं नाही."

"मलाही न्याय्यच वाटतो," तांडेल म्हणाले.

बाई चमकल्या. "मग तक्रार कशाला केलीत?"

तांडेलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "माझा सख्खा भाऊ सोनखडपवर गोळी लागून गेला, मॅडम. तह झाल्यापासून आमच्या बंदरात असं एकही मढं आलेलं नाही. मी कुठल्या तोंडानं तहाला नावं ठेवू? पण तक्रारीत काहीतरी लिहायला हवं होतं. जे खरं होतं ते लिहिता येईना."

"इथं बोला."

"हिची आई गेल्या वर्षी वारली. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर रत्नागिरीकडची कुणी बाई होती, तीही त्याच दिवशी गेली. ओवीनं आईचं सगळं केलं. पाय चेपले, तोंडात पाणी घातलं, कशात कमी केलं नाही. रडलीसुद्धा. मग त्या बाईच्या खाटेशी गेली आणि तिथं तेवढीच रडली. तेवढीच, मॅडम. मी बघत होतो. बायको गेली त्याहून ते मला जास्त लागलं."

ओवीनं मान खाली घातली नाही. "बाबा खरं बोलताहेत," ती म्हणाली. "पण त्या बाईजवळ कुणीच नव्हतं. तिचा मुलगा वाटेत होता. बाबा, तिला परकी समजायचं म्हणजे नक्की काय करायचं, ते मला आता आठवतच नाही."

"मी तिला परकी समज म्हणत नाही गं. आईला आई समज म्हणतो."

"आईसाठी खोटं जास्त रडू? तुम्हाला ते चाललं असतं?"

तेंडोलकरबाई नाबरांकडे वळल्या. आयुष्यभर साक्षीदार तपासलेल्या बाईंना नेमका कुठला प्रश्न राहून गेला आहे, हे लगेच लक्षात आलं होतं.

"डॉक्टर, परकी माणसं आपल्यांच्या पातळीवर चढतात, हे तुम्ही मोजलंत. आपली माणसं आहेत तिथंच राहतात का, हे मोजलंत?"

नाबर जरा गोंधळले. "तशी गरज वाटली नाही. ती खाली का येतील?"

"आता मोजता येईल?"

प्रयोगशाळा त्याच इमारतीत होती. ओवी स्वतःहून खुर्चीत बसली. मेंदूतली हालचाल टिपणारी जाळी तिच्या डोक्यावर चढवली गेली. समोरच्या पडद्यावर तिची नोंद उमटणार होती. चाचणी साधी होती. मदतीसाठी मारलेल्या दोन हाका तिला ऐकवायच्या. एक नाबरांच्या संग्रहातली, कुणा अनोळखी म्हाताऱ्याची. दुसरी तिच्या वडिलांची.

"काय म्हणू?" तांडेलांनी विचारलं.

"बोट उलटली तर जे म्हणाल ते," नाबर म्हणाले.

तांडेलांनी डोळे मिटले आणि हाक मारली. "ओवी! ये गं, बाय! लवकर ये!" काचेपलीकडे उभ्या असलेल्या मदतनीस मुली दचकून वळल्या.

पडद्यावर आधी अनोळखी माणसाच्या हाकेची निळी रेघ उमटली. ती उंच गेली होती. साध्या माणसात ती इतकी उंच कधीच जात नाही. मग वडिलांच्या हाकेची लाल रेघ आली. ती निळीवरूनच चढत गेली, तिच्याच शिखरावर थांबली आणि तिच्यावरूनच खाली उतरली. निळी रेघ दिसेनाशी झाली होती.

नाबरांनी ओवीची प्रवेशाच्या वेळची नोंद काढली. तेव्हा सगळ्याच विद्यार्थ्यांना घरच्यांचा आवाज ऐकवत असत. त्या वेळची लाल रेघ पडद्याच्या वरच्या कडेला टेकली होती.

"मधे येऊन भेटल्यात," नाबर हळूच म्हणाले. "झडप सैल झाली की दोन्हीकडचं पाणी एका पातळीला येतं. मी फक्त एकाच बाजूला बघत राहिलो."

तांडेल पडद्याकडे बघत होते. ओवी उठून त्यांच्याजवळ आली आणि तिनं त्यांचा हात हातात घेतला.

"बाबा, खरोखरच हाक मारलीत तर मी पाण्यात उडी मारीन. तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे," ते म्हणाले. "कुणासाठीही मारशील."

तेंडोलकरबाईंनी निवाडा द्यायला फार वेळ घेतला नाही. सभा बंद होणार नाही, त्यांनी परिषदेला सांगितलं. सोनखडपवर जी माणसं मेली नाहीत, त्यांनाही घरं आहेत आणि त्या घरांत त्यांची वाट बघणारी माणसं आहेत. ती बाजू मला सोडून देता येणार नाही. पण सक्तीही होणार नाही. ज्याला यायचं त्यानं समजून उमजून यावं. आणि पाल्याला परभान मिळाल्यावर आपण त्याच्यासाठी कोण उरणार आहोत, हे त्याच्या घरच्यांना आधी स्पष्ट शब्दांत सांगितलं जावं. त्यांचा होकार नसेल तर प्रवेश नाही.

"हे सांगणार कोण?" कुलगुरूंनी विचारलं. "आमचे प्राध्यापक सांगतील तर ते गोड करून सांगतील."

"मी सांगतो," मागच्या रांगेतून तांडेल म्हणाले.

पुढच्या जूनमध्ये प्रवेश सुरू झाले, तेव्हा ते खरोखरच येऊन बसले. नाबरांचा अंदाज होता की निम्मे पालक माघारी जातील. तांडेलांनी काहीही लपवलं नाही, काहीही वाढवलं नाही. दवाखान्यातल्या दोन खाटांची गोष्ट ते प्रत्येकाला सांगत. ऐकून बाप खिडकीबाहेर बघत. क्वचित कुणी मुलाचा हात धरून उठून जाई. बाकीचे होकार देत. कुणी डोळे पुसत देई, कुणी अभिमानानं. अर्ज मात्र आदल्या वर्षीपेक्षा जास्तच आले होते.

साताऱ्याहून आलेली एक बाई सगळं ऐकून घेऊनही उठेना. तिचा थोरला मुलगा फौजेत होता. धाकटा शेजारी बसला होता.

"तुम्ही तक्रार केली होती म्हणे," ती म्हणाली. "मग आता कुठल्या बाजूनं सांगताय?"

"कुठल्याच नाही. जे झालं ते सांगतोय."

"हा शिकला तर याचा भाऊ जिवंत राहील का?"

"त्याचाच भाऊ असं नाही. कुणाचे तरी बरेच भाऊ जिवंत राहतील."

बाईनं पदर सारखा केला. "आणि तुमची मुलगी? येते घरी?"

"दर महिन्याला. माझं औषधपाणी बघते, माझ्याजवळ बसते, हसते. फार मायेनं बोलते."

"मग?"

"सगळ्यांशीच," तांडेल म्हणाले.

बाईनं मुलाकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर आलेले केस तिनं हातानं मागे सारले आणि हात तिथंच राहू दिला. मग तिनं मान हलवून होकार दिला.