बिनपंख्याचा संगणक

घरोघरच्या संगणकांतले पंखे जाऊन ते मुके झाले, त्याला आता दहाएक वर्षं झाली होती. साताऱ्याच्या घोलपांकडे मात्र मुका संगणक उशिरा आला, कारण शशिकांत घोलप यांना तयार संगणक विकत घेणं कमीपणाचं वाटे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी घरातला प्रत्येक संगणक सुटे भाग आणून स्वतः जोडला होता.

त्यांच्या पत्नी वैजयंतीबाई बोलक्या पुस्तकांसाठी वाचन करत. ध्वनिमुद्रण घरीच चाले आणि त्यांचा माइक भलता तिखट कानाचा होता. दोन वाक्यांच्या मधल्या शांततेत संगणकाच्या पंख्याची घरघर स्पष्ट ऐकू येई. शशिकांतरावांनी मोठ्या पात्यांचा, सावकाश फिरणारा पंखा बसवला. डिस्कखाली रबरी वायसर घातले. पेटीला आतून फोम चिकटवला, तर आतली हवा कोंडून यंत्र तापलं आणि पंखा आणखी जोरात फिरू लागला. शेवटी ते वैजयंतीबाईंना घेऊन वरच्या मजल्यावरच्या डॉ. मृदुला बिडकरांकडे गेले. मृदुलाताईंचं सारं आयुष्य संगणकाच्या चिपांवरच्या संशोधनात गेलं होतं.

"पंखा लागतो उष्णतेमुळे," मृदुलाताई म्हणाल्या. "पण उष्णता कशामुळे होते?"

"आकडेमोडीमुळे."

"तिथंच सगळे फसतात. आकडेमोडीनं मुळात उष्णता होत नाही, पुसण्यानं होते. साधा संगणक क्षणाक्षणाला अब्जावधी आकडे पुसत असतो. पुसलेलं नाहीसं होत नाही, ते उष्णता होऊन बाहेर पडतं. घरोघरचा मुका संगणक, म्हणजे परतगणक, काही पुसतच नाही. प्रत्येक पाऊल असं टाकतो, की त्याच पावलांनी मागं परतता यावं. म्हणून तो तापत नाही, आणि पंखाही लागत नाही."

"आणि मी वाचताना चुकले, डिलीट केलं, तर?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

"तुमच्या नजरेआड जातं, एवढंच. आतल्या साठवणीच्या स्फटिकात एवढी जागा आहे, की तुमचा जन्म जाईल तरी भरायची नाही."

वैजयंतीबाईंना ही सोयच वाटली. शशिकांतरावांनी परतगणकाचे भाग मागवले आणि आठवडाभर खपून ते जोडले. खोलीत पहिल्यांदा खरी शांतता आली. बाईंना कामं मिळत गेली. रोज सकाळी शशिकांतराव यंत्रापुढं बसून त्याची दैनंदिन नोंद, म्हणजे आदल्या दिवशी काय उघडलं, काय ऐकलं याची यादी, डोळ्यांखालून घालत. ते काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही.

पुढं त्यांच्या फुप्फुसांचं दुखणं सुरू झालं. खोकल्याची उबळ दारं बंद करूनही माइकपर्यंत पोचे. वैजयंतीबाई रात्री त्यांची पाठ चोळत आणि दुपारी तेच तेच पान पुन्हा वाचत. एका दुपारी पान संपत आलेलं असताना पलीकडून उबळ आली. बाईंनी चष्मा काढला आणि स्वतःशीच म्हणाल्या, "हे एकदाचे सुटले तर बरं होईल."

माइक चालू होता. त्यांनी ते वाक्य लगेच पुसलं, चेहरा धुतला आणि शशिकांतरावांना काढा नेऊन दिला.

काही महिन्यांनी लक्षात आलं, की त्या दुपारच्याही आधी एक अख्खं प्रकरण चुकून पुसलं गेलं होतं. बाई बँकेत गेल्या असताना शशिकांतरावांनी मृदुलाताईंना बोलावून यंत्र मागं कसं न्यायचं ते शिकून घेतलं. बाई परतल्या तेव्हा प्रकरण जागेवर होतं.

"मिळालं बघ," ते म्हणाले. बाईंना फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून मात्र ध्वनिमुद्रणाची वेळ झाली की ते मफलर गुंडाळून खाली जाऊन बसू लागले. थंडीचे दिवस होते. "घरात बसा की," बाई म्हणत. "उन्हात बरं वाटतं," ते म्हणत. खाली त्या वेळी ऊन नसे.

अखेर बाईंनी मृदुलाताईंना गाठलं. "ते प्रकरण शोधताना मधलंही काही ऐकू येतं का हो?"

"येणारच. मागं जायची वाट एकच असते, मधलं गाळून उडी मारता येत नाही."

"पण ह्यांनी लक्ष दिलं नसेल. आवाज बंद केला असेल."

"ते यंत्राला विचारा. मागं फिरणं हेही त्याच्या लेखी एक पाऊलच, तेही राहतं. पण वैजयंतीबाई, कशाला बघता?"

शशिकांतराव खाली गेल्यावर वैजयंतीबाई संगणकापुढं बसल्या. प्रकरण सापडलं त्या दिवसाच्या दैनंदिन नोंदीत ते वाक्य ऐकल्याचं काहीच नव्हतं. मृदुलाताईंकडून रीत विचारून घेतली होती, तशी त्यांनी यंत्र मागं नेलं, तेव्हा पुसलेली नोंद वर आली. शशिकांतरावांनी ते वाक्य ऐकलं होतं. थांबून पुन्हा ऐकलं होतं. मग आपण ऐकल्याची खूण त्यांनी पुसली होती, बायकोच्या दृष्टीस पडू नये म्हणून.

पुसून उपयोग नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. यंत्र त्यांनीच जोडलं होतं. तरीही त्यांनी पुसलं, कारण तेवढंच त्यांच्या हातात होतं.

एरवी इतक्या वर्षांच्या संसारात दोघांनी एकमेकांचं किती बोलणं न ऐकल्यासारखं केलं होतं, आणि समोरच्यानं ऐकलं की नाही हे कधी कळलंही नव्हतं. त्या न कळण्यावर घर चाललं होतं.

जिन्यात खोकला ऐकू आला, मग वहाणांचा आवाज. बाईंनी घाईघाईनं नोंद मिटवली, आणि आपण ती पाहिल्याची खूण पुसून टाकली. बोट वर उचलल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की उद्या सकाळी शशिकांतराव नेहमीप्रमाणं या खुर्चीत येऊन बसतील, आणि यंत्र मागं कसं न्यायचं ते त्यांना येतं.