मधलं टेबल

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्येच अडकली, तेव्हा शिक्षिकेच्या हातात बेचाळीस कागद होते. वीस मिनिटांनी दार उघडलं, तोवर ते सगळे तिच्या पायाशी पसरले होते. वरून एक तेलकट हात खाली आला.

"आधी कागद देता, की आधी तुम्ही येता?"

"आधी कागद!" ती म्हणाली, आणि स्वतःच हसली.

लिफ्ट दुरुस्त करणारा तो तरुण जिन्यात उकिडवा बसून तिच्याबरोबर कागद लावायला लागला. हाताचं तेल लागू नये म्हणून कागद अगदी कडेला, दोन बोटांत धरत होता. तिनं ते पाहिलं... आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

"चित्र एकच आणि कागद तीन तऱ्हेचे? हे कसं काय?"

"वर माझा इंग्रजीचा वर्ग असतो, संध्याकाळी सहाला. मोठ्या माणसांचा. कुणाला अक्षरंसुद्धा लागत नाहीत, कुणी घडाघडा पेपर वाचतं. धडा सगळ्यांना एकच, पण कागद ज्याच्या-त्याच्या मापाचा."

"मग माझं माप कुठलं?"

"उद्या या, सांगते."

तो आला. हात घासून घासून धुतलेले, केस ओले करून चापून बसवलेले. तिनं चार प्रश्न विचारले आणि त्याला मधल्या टेबलावर बसवलं.

वर्गात टेबलं तीनच. खिडकीचं नवख्यांचं, मधलं अडखळत बोलणाऱ्यांचं आणि दाराजवळचं पुढे गेलेल्यांचं. प्रत्येकाच्या नावाचा दहा चौकटींचा तक्ता असे. 'रस्ता विचारता येतो', 'अर्ज भरता येतो', 'फोनवर बोलता येतं' अशा त्या चौकटी. दहाही चौकटींत खूण झाली की पुढचं टेबल. दाराजवळची माणसं परीक्षा देत आणि निघून जात. कुणी गेलं की ती खूश होई. निदान आजवर तरी होत असे.

रविवारी दुपारी ती आठवड्याचे धडे आखायला बसे. समोर वहिनी कपड्यांच्या घड्या घालत असे, आणि वहिनीच्या नजरेतून काही सुटत नसे.

"वन्सं, खिडकीला एक कागद, दाराला एक कागद, आणि मधल्यांना चार? मधल्यांनी काय पुण्य केलंय?"

"त्यांचा सराव कमी पडतो गं."

"सगळ्यांचा? की एकाचाच?"

"वहिनी, तू घड्या घाल!"

पण कान गरम व्हायचे ते झालेच. खरं सांगायचं तर आखणी करताना तिला त्याचाच आवाज ऐकू यायचा. 'भाडेकरूची तक्रार' हा धडा तिनं त्याच्यासाठीच रचला होता. मधल्या टेबलावर जोड्या पाडल्या की नेमका तोच एकटा उरे... मग शिक्षिकेलाच समोर बसावं लागे, बिचारीला!

"तुमची लिफ्ट पुन्हा बंद पडली," ती भाडेकरू होऊन इंग्रजीत म्हणाली.

"बाई, ती तुम्ही आत असतानाच का बंद पडते?" त्यानं विचारलं. व्याकरण अगदी चोख होतं.

"हे कागदावर लिहिलेलं नाही."

"कागद संपला, मॅडम."

तो कधीचाच संपला होता. दोन महिन्यांत त्याच्या नऊ चौकटी भरल्या होत्या. उरली होती फोनची. फोनवरच्या बोलण्याची चाचणी दहा मिनिटांची, पण ती घेतली की तो दाराजवळ, आणि दाराजवळून बाहेर. म्हणून तिनं त्या चौकटीसमोर लिहिलं, 'तपासायचं राहिलं.' पुढच्या पंधरवड्यात पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा आणि चौथ्यांदाही. इतरांच्या बाबतीत ती एक दिवस उशीर करत नसे. नातीशी बोलण्यासाठी शिकणारे आजोबासुद्धा खिडकी सोडून मधल्या टेबलावर आले, आणि पार्लरवाल्या ताई तर परीक्षा देऊन गेल्याही. तो मात्र तिथेच.

एके दिवशी तो वर्गाच्या अर्धा तास आधी आला. हातात एक अर्ज होता. परदेशातल्या एका लिफ्ट कंपनीला कारागीर हवे होते. पंधरा दिवसांनी फोनवर मुलाखत, आणि तिसऱ्या पातळीपर्यंत, म्हणजे दाराजवळच्या टेबलापर्यंत, पोचल्याचं शिक्षिकेचं पत्र परवापर्यंत द्यायचं होतं.

"मॅडम, एक विचारू? खरं सांगाल?" तो उभाच होता. "मी मठ्ठ आहे का?"

"असं का म्हणता?"

"आजोबासुद्धा पुढे सरकले. मी रोज भिंतीसमोर उभा राहून मोठ्यांदा बोलतो. बहीण हसते. मला वाटलं, मॅडमना माझ्यात काहीतरी कमी दिसतंय, पण सांगवत नसेल. पत्र द्यायचं नसेल तर सांगा, मी अर्ज फाडून टाकतो."

आपल्याला तो हवासा वाटला, आणि त्याची किंमत त्यानं अशी मोजली... स्वतःला मठ्ठ समजून! तिनं तक्ता त्याच्यापुढे ठेवला.

"कमी तुमच्यात नाही. तुम्ही दोन महिन्यांपूर्वीच तयार होता. मी मुद्दाम चाचणी घेतली नाही."

त्यानं ते चारदा लिहिलेलं वाचलं. चेहरा लाल झाला. "का?"

"फोन हातात ठेवा," एवढंच म्हणून ती तक्ता घेऊन जिन्यात गेली आणि तिथून त्याला फोन लावला. पुढचं बोलणं इंग्रजीत झालं, पण आपण ते आपल्या भाषेत ऐकायला हरकत नाही.

"लिफ्टमध्ये एक म्हाताऱ्या बाई अडकल्यात, खूप घाबरल्यात. काय बोलाल?"

"सांगेन... मी इथंच आहे. पाच मिनिटं लागतील. तोवर मला तुमच्या नातवंडांची नावं सांगा."

"साहेब तुमच्यावर उगाच रागावले तर?"

"ऐकून घेईन. मग काय झालं ते सांगेन." जरा थांबून तो म्हणाला, "मीही आत्ता रागावलोय. खूप."

"रागवा. तुमचा हक्क आहे." "शेवटचा प्रश्न. तिथे एकटं वाटलं तर काय कराल?"

"फोन करेन."

"कुणाला?"



"ज्या बाईंनी... मला दोन महिने फोनवर बोलू दिलं नाही, त्यांना."

ती पायरीवर बसली. हसू आणि रडू एकदमच आलं.

"तुम्ही जाऊ नये असं वाटत होतं मला," ती म्हणाली. "तुम्ही आवडता, म्हणून. अजूनही वाटतंय. पण तुम्ही जा."

"करार दोन वर्षांचा आहे."

"मी वाट बघेन."

"नक्की?"

"नक्की. पण मुलाखतीत एवढं थांबत थांबत बोलू नका."

तिकडून तो हसला. तिनं फोन ठेवला, गुडघ्यावर तक्ता पसरून दहाव्या चौकटीत खूण केली आणि खाली सही केली. सहा वाजत आले होते, माणसं जिना चढायला लागली होती. ती आत गेली, आणि त्याची खुर्ची स्वतः उचलून तिनं दाराजवळच्या टेबलाला लावली.