मुखेडकर सरांचे बैल

"शिवानी, लवकर इकडं ये! आणि ओरडू नको, अप्पा बाहेरच हायत!"

शेजारच्या नागसेनचा आवाज ऐकून शिवानी अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, आडत दुकानाच्या आतल्या खोलीत धावली. मागोमाग तिचा मामेभाऊ महांतेश. तो सुट्टीसाठी सीमेवरच्या गावाहून उदगीरला आला होता.

संगणकावर निरोप होता : 'तुमचं उत्तर चर्चेतल्या आधीच्या उत्तराशी तंतोतंत जुळतं. आज पाचच्या चर्चेत खुलासा करा. नाहीतर लातूरच्या अंतिम फेरीतून तुमचं नाव वगळलं जाईल.'

या सुट्टीत तिघांचा एकच उद्योग चालला होता. अप्पांच्या जुन्या संगणकावर कोडिंगची कोडी सोडवायची आणि मग साइटवरच्या चर्चेत अनोळखी लोकांशी 'माझी रीत बरी की तुझी' म्हणून भांडायचं! त्यातूनच तिची लातूरच्या स्पर्धेसाठी निवड झाली होती. अप्पांना मात्र हे सगळं खेळ वाटायचं. लातूरला जा म्हणायला ते कसेबसे राजी झाले होते.

"अप्पांना कळलं तर संपलंच सगळं!" ती रडवेली होऊन म्हणाली. "मी कुणाचं बघितलं न्हाई रे!"

"मग ते आधीचं उत्तर कुणाचं हाय, बघू तरी!" नागसेननं पान उघडलं. नाव होतं मुखेडकर सरांचं. नांदेडला कोडिंगचा क्लास चालवणारे, चर्चेत सगळ्यांना उपदेश करणारे मुखेडकर सर!

कोडं साधं होतं. बैलजोडीला आठवड्यातून एक दिवस विश्रांती असते, तर शेत नांगरायला एकूण किती दिवस लागतील? नांगरणी विश्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सुरू करायची होती, त्यामुळे वार कोणताही धरला तरी उत्तर तेच येत होतं.

महांतेश तोंड वासून पडद्याकडे बघत राहिला. "अक्का, ह्येंचे बैलबी सोमवारीच उभे हायत की!"

"मग? सोमवारी बैल कोण जुंपतं?" शिवानी म्हणाली.

"आपल्यात न्हाई जुंपत, बसवण्णाचा, म्हंजे नंदीचा वार म्हणून. पण बाकीच्यांचं बघ!"

नागसेननं भराभर बाकीची उत्तरं उघडली. रविवार, रविवार, पुन्हा रविवार! सोमवार फक्त दोघांचा.

आता शिवानीला आठवलं. आपलं बरोबर आहे की नाही ते बघायला तिनं ते उत्तर आधी साइटवरच्या सरांच्या शंका-गटावर टाकलं होतं. सर म्हणाले होते, "बघतो."

"बघितलं न्हाई, उचललं!" नागसेन भडकला. "आत्ताच चर्चेत बोंब मारतो!"

"थांब! ते म्हणतील, मलाही सोमवारच सुचला. मग?" शिवानी नखं कुरतडत विचार करू लागली. "आपण सांगायचंच न्हाई. त्यांनाच विचारायचं!"

पाच वाजता व्हिडिओवर चर्चा सुरू झाली. स्पर्धा घेणाऱ्या लातूरच्या उज्वला मॅडमनी शिवानीचं नाव घेतलं. तिनं तोंड उघडलं आणि पडदा काळा झाला.

"लाईट गेली!" महांतेश किंचाळला.

आता मोबाइल एकट्या अप्पांकडे होता. शिवानी बाहेर गेली. "अप्पा, मोबाइल पाहिजे. माझ्यावर चोरीचा आळ आलाय."

अप्पांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मोबाइल काढून दिला आणि ते तिच्या मागे येऊन उभे राहिले. ते रागावले असते तरी बरं वाटलं असतं तिला.

"शिवानी, आम्हाला वाटलं, तू निघूनच गेलीस," मॅडम म्हणाल्या.

"न्हाई मॅडम, लाईट गेली. मला सरांना एकच विचारायचंय. सर, तुमचे बैल कोणत्या वारी थांबतात?"

"हा काय प्रश्न झाला?" मुखेडकर सर हसले. "रविवारी! सगळं जग रविवारीच सुट्टी घेतं!"

"नक्की, सर?"

"अगं, मीच लिहिलंय ना!"

महांतेशनं हसू दाबायला शर्टाची बाही तोंडात कोंबली. मॅडमनी सरांचं उत्तर सगळ्यांना दिसेल असं पडद्यावर लावलं. ओळ स्वच्छ वाचता येत होती : विश्रांती, सोमवार!

मग शिवानीनं सोमवार का धरला आणि तिघांनी ही गोष्ट कशी शोधली ते सांगितलं, शंका-गटावर टाकलेलं उत्तर दाखवलं. त्याची वेळ सरांच्या आधीची होती.

"ढिगानं उत्तरं येतात हो," सर घाम पुसत म्हणाले. "घाईत माझ्या नावानं टाकलं. वाचलंसुद्धा नाही. चुकलंच माझं."

"ते उत्तर आत्ता काढा आणि तिची माफी इथेच, सगळ्यांसमोर मागा," मॅडम कडक आवाजात म्हणाल्या. सरांनी मान खाली घालून माफी मागितली. "शिवानी, तुझं नाव कायम आहे. तिघांनी डोकं फार शांत ठेवलंत, शाब्बास!"

आणि तेव्हाच शिवानीला हुंदका फुटला.

"रडतीस कशाला?" अप्पा म्हणाले. "खरी होतीस, तर मला आधी का सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही लातूरला पाठवणार न्हाई, असं वाटलं."

अप्पा एक पोतं ओढून त्यावर बसले आणि त्यांनी तिला शेजारी जागा करून दिली.

"लई शहाणी झालीस. मीच येतो तुला घेऊन लातूरला. आता सांग बघू, ते कोडं तू सोडवलंस कसं? पहिल्यापासून सांग."