आईच्या मापाचा झुला

झुले विणणाऱ्या तिष्कोकोब गावात झोपायचा जाळीचा झुला कुणी दुसऱ्यासाठी डोळे मिटून घेत नाही. ज्याला झोपायचं त्यानं स्वतः यायचं, अंग टाकून बघायचं, मगच भावाचं बोलायचं. म्हणून विणकरीण क्रेसेन्सियामावशीच्या दारात फेलिसियाना जरा कचरलीच.

"कुणासाठी गं?"

"आईसाठी."

"मग आई कुठाय?"

"घरी. गुडघे धरलेत तिचे," ती बोलून गेली.

आईला पुरून अख्खा पावसाळा सरला होता. पण हे सांगायचं कुठल्या तोंडानं? 'माझ्या झुल्याच्या दोऱ्या विरल्यात गं,' असं म्हातारी किती दिवस कानीकपाळी ओरडत होती! हिचं आपलं, 'बघू, पुढच्या सणाला.' आधी फ्रीज आला, मग नवऱ्याची मोटरसायकल. एका पहाटे दोऱ्या तुटल्या. आई फरशीवर आपटली ती उठलीच नाही. उद्या पितरं घरी जेवायला येणार, आणि तिला पाठ टेकायला जागा नाही, या विचारानं फेलिसियानाचा जीव तुटत होता.

"बरं, तूच पडून बघ," मावशी म्हणाली. "अशी सरळ लांब पडू नको, तिरकी हो. जन्मभर पलंगावर झोपलीस का गं?"

पिवळ्या झुल्यात ती तिरकी झाली. सूत किती मऊ! एवढंसं सुख आपण आईला दिलं नाही. तिला रडू आलं.

शेजारच्या निळ्या झुल्याचा आकडा करकरला.

वारा नव्हता. रिकामी जाळी मधोमध हळूहळू खाली आली आणि तिची भोकं ताणून रुंद झाली.

मावशीनं विणकामातून मान वर केली. "आईला निळा आवडलेला दिसतोय."

"मावशी, आई घरी आहे."

"मग तू आडवी झाल्यावर आत आली ती कोण? बोलेना, म्हटलं लाजतेय बिचारी." मावशीनं आवाज खाली आणला. "कपाळ किती काळंनिळं झालंय गं तिचं. पडली होती का?"

फेलिसियानानं घासाघीस न करता निळा झुला घेतला.

भर दुपारी घरात कुणी नव्हतं. नवरा गौदेन्सियो धाकट्या लेकीला, इर्माला घेऊन उद्याच्या सणासाठी थडगी रंगवायला गेला होता. तिनं आईच्या आकड्यांना झुला टांगला.

"ये गं आई. चुकले मी. माफ कर."

निळा झुला हलका, सपाट राहिला.

पाठीमागे करकर झाली. तिचा स्वतःचा लाल झुला खाली आला होता, पार गुडघ्यापर्यंत.

"आई, तो माझाय गं."

लाल झुला सावकाश झोके घेऊ लागला. फेलिसियाना मागे सरकली. ती निळ्यात कोसळली आणि तिथंच पडून राहिली. आईनं माझी जागा घेतली तर घेऊ दे, तिला वाटलं. माझी लायकी तीच.

दार वाजलं. गौदेन्सियो इर्माला घेऊन आत आला, लाल झुल्याकडे बघून त्यानं लेकीला ओठांवर बोट ठेवून खुणावलं.

"हळू. तुझी आई झोपलीय."

"अहो, मी इथंय!" फेलिसियाना ओरडली. कुणी वळलं नाही.

"अय्या, आजीचा नवा झुला!" इर्मा कुजबुजली. ती चवड्यांवर चालत आली, वाकली आणि फेलिसियानाच्या खाली मेणबत्ती लावून तिनं हात जोडले.